प्याद्याचा वजीर

धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावरचे पोर बुद्धिबळाच्या स्पर्धेला निघाले आणि ‘हा आपल्या लोकांचा खेळ नव्हे’ असे कोणी म्हणाले, तर त्याला ही हकीकत सांगा.

पंजाबातल्या खेड्यातला मीर सुलतान खान देशी नियमांनी खेळायला शिकला. पुढे विलायतेत त्याने १९२९, १९३२ आणि १९३३ साली ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. माजी जगज्जेता कॅपाब्लांका यालाही हरवले. पण मानद ग्रँडमास्टर किताब मिळाला तो २०२४ साली, मृत्यूनंतर ५८ वर्षांनी!

मुंबईची रोहिणी खाडिलकर १९७६ साली पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. वय अवघे तेरा. हरकती आल्या, प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अखेर जागतिक संघटनेचे अध्यक्ष मॅक्स युवे यांनी सांगितले की, बाई म्हणून कोणाला अडवता येणार नाही.

जुन्या देशी खेळात प्यादे ज्या घरात पोचे, त्या घरचेच मोहरे होई. आजच्या नियमांत कोणत्याही घरात पोचले तरी त्याचा वजीर करता येतो. तेव्हा पोराला, पोरीलाही, खुशाल पाठवा. दारात कोणी अडवलेच, तर आपण शेजारी उभे राहा.