बोर्डिंगात गेलेले पोर आणि त्याचा पहिला मित्र



जून उजाडला की आपल्या कार्यक्षेत्रात दोन कामांची घाई असते. एक आडसालीसाठी रान तयार करण्याची आणि दुसरी पोरांच्या पेट्या भरण्याची. आठवी-नववीतला मुलगा किंवा मुलगी बाहेरगावी शिकायला जाणार, म्हणून वळकटी, ताट-वाटी, नवे कुलूप आणि आईने केलेला लाडवांचा डबा गोळा होतो. वडील पोराला रेक्टरच्या स्वाधीन करतात, ‘नीट राहा, अभ्यास कर’ म्हणतात आणि मागे न बघता एस.टी. गाठतात. पेटीत काय घालायचे यावर आठ दिवस चर्चा होते. पण त्या पोराच्या मनात पुढचे दोन-तीन महिने काय चालते, त्याचा विचार आपल्या हातून राहून जातो. म्हणून या अंकात त्यावर चार शब्द.

मान टाकलेले रोप

ट्रेमधले उसाचे रोप सरीत लावले की पहिले काही दिवस ते मान टाकते. म्हणून ते उपटून पुन्हा ट्रेत ठेवायला कोणी धावत नाही. आपण पाणी देतो आणि नवी मुळी फुटायची वाट बघतो. पोराचेही तसेच असते. घरी तो अमक्याचा नातू, तमक्याचा धाकटा. वाटेत कोणी विचारले, ‘कुणाचा रे तू?’ तर बापाचे नाव सांगितले की काम भागते. वसतिगृहात ते नाव कुणाला माहीत नसते. तिथे चाळीस पोरांतला तो एक. तिथे ‘कुणाचा’ हा प्रश्न नसतो, ‘कोण’ हा असतो. आणि तेरा-चौदा वर्षांच्या पोराजवळ त्याचे उत्तर तयार नसते. रात्री दिवे मालवल्यावर रडू येते ते आईच्या आठवणीने तर येतेच, पण या कारणानेही येते, असे आम्हांला वाटते.

शेजारच्या खाटेवरचा पोरगा

आमच्या एका सभासदांनी सांगितलेली हकिगत. त्यांचा मुलगा आठवीला वसतिगृहात गेला. तीन आठवडे रोज एकच रड, ‘आप्पा, मला न्यायला या.’ इंग्रजी जमेना, पोरे भाषेला हसायची. आप्पांनी जीप काढायची ठरवले. पण रेक्टर म्हणाले, ‘अजून पंधरा दिवस थांबा, मग तुम्ही म्हणाल तसं.’ आप्पा थांबले.

शेजारच्या खाटेवर समुद्रकाठचा, कोळ्याच्या घरचा एक मुलगा होता. तोही गप्पगप्पच. एका रविवारी नळावर कपडे धुताना त्याने सहज विचारले, ‘तुमच्याकडे उसाचं बी कसलं असतं रे? भातासारखं?’ आपला पोरगा हसला. बी पेरत नाहीत, कांडी लावतात, कांडीच्या प्रत्येक पेऱ्यावर डोळा असतो, त्या डोळ्यातून कोंब येतो, तोडल्यावर पुन्हा त्याच बुडख्यातून खोडवा येतो, हे सगळे त्याने वहीच्या मागच्या पानावर काढून दाखवले. मग कोळ्याच्या पोराने भरती-ओहोटी सांगितली. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांग असते, आणि भरतीची वेळ रोज थोडी पुढे सरकते. दोघांचा डबा त्या दिवसापासून एक झाला.

पुढे विज्ञानाच्या सरांना हे कळले. त्यांनी आपल्या पोराला वर्गापुढे उभे करून उसाची लागण सांगायला लावली. हसणारी पोरे ऐकत बसली. त्या दिवशी त्याला दोन गोष्टी कळल्या. आपल्याला काहीतरी येते, ही एक. आणि समजावून सांगणे हे आपल्याला चांगले जमते, ही दुसरी. दिवाळीच्या सुट्टीत घरी आला तो सकाळी आप्पांच्या आधी मळ्यात. म्हणतो, ‘आप्पा, आपल्या उसाची जात कुठली?’ आप्पांनी सांगितले, को ८६०३२. आप्पा आम्हांला म्हणाले, ‘चौदा वर्षं पोरगं उसात वाढलं, पण हे विचारलं पहिल्यांदा.’

यात आम्हांला मोठा अर्थ दिसतो. घरात सगळ्यांना सगळे ठाऊक, त्यामुळे सांगायची वेळच येत नाही. परक्या मुलाला आपले गाव, आपले पीक, आपली बोली समजावून सांगताना पोराला पहिल्यांदा स्वतःची ओळख पटते. असा विचारणारा मित्र हे बोर्डिंगचे खरे देणे. मार्क तर घरी राहूनही मिळतात.

मागच्या पिढ्यांनी काय केले

ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. त्याच कोल्हापुरात विद्यार्थी असताना भाऊराव पाटील अस्पृश्य मुलांच्या वसतिगृहाच्या समारंभाला गेले आणि परत आल्यावर शुद्धीची अंघोळ करायला त्यांनी नकार दिला. त्यापायी त्यांना आपले वसतिगृह सोडावे लागले. आपण कोण आणि कुणाच्या बाजूचे, हे त्या तरुणाला तिथे कळले म्हणायचे. पुढे १९१९ मध्ये त्यांनी काले येथे रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात बोर्डिंग सुरू केले. तिथे सर्व जातींची मुले एका पंगतीला बसली आणि आपली कामे आपल्या हातांनी करू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव मिळाले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने दिले, हे तर घराघरांत ठाऊक आहे. ज्या काळी गावात एकमेकांच्या विहिरीचे पाणी चालत नव्हते, त्या काळी त्या पोरांनी एकत्र जेवून मैत्र जोडले.

आज जवाहर नवोदय विद्यालयांतही असाच विचार दिसतो. १९८५-८६ मध्ये हरियाणातील झज्जर आणि आपल्याकडील अमरावती अशा दोन शाळांपासून ही योजना सुरू झाली. आता देशात साडेसहाशेहून अधिक शाळा आहेत. बहुतेक जागा ग्रामीण मुलांसाठी आणि किमान एक तृतीयांश जागा मुलींसाठी असतात. नववीतील सुमारे तीस टक्के मुलांनी एक वर्ष दुसऱ्या भाषेच्या प्रदेशातील नवोदयात राहायचे, असे तिथले धोरण आहे. म्हणजे आपल्याकडची मुले हिंदी मुलखात जातात, तिकडची आपल्याकडे येतात. पोळा म्हणजे काय, हुरडा म्हणजे काय, हे मोडक्या हिंदीत सांगायचे म्हणजे पोराची परीक्षाच! पण ती पुस्तकात नसलेली परीक्षा आहे.

आई-वडिलांना विनंती

पहिल्या महिन्यात दर आठवड्याला भेटायला जाऊ नका. फोन आला की ‘किती मार्क पडले’ याआधी ‘जेवायला कुणाशेजारी बसतोस’ असे विचारा. एक नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले की समजा, मुळी फुटली. डबा पाठवाल तो दोघा-तिघांना पुरेल असा पाठवा. आणि सुट्टीत मित्राला घरी बोलवा, त्याची जात-पात न विचारता.

मात्र एक सावधगिरी हवी. आठवणीचे रडणे हळूहळू कमी होते. पोर दिवसेंदिवस गप्प होत असेल, अंगावर वळ दिसत असतील, एखाद्या मोठ्या मुलाचे किंवा माणसाचे नाव काढताच घाबरत असेल, तर ती घरची आठवण नव्हे. तिथे वाट बघू नका, त्याच दिवशी जा. मुलीच्या बाबतीत तर एक दिवसही घालवू नका. राज्यात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे आणि तो वसतिगृहांनाही लागू आहे. अडचणीतल्या मुलांसाठी १०९८ हा फोन क्रमांक आहे. तो पोराला पाठ करून द्या.

रोप सुकते कशाने, पाण्याच्या ताणाने की हुमणीने, हे बघणे शेतकऱ्याला शिकवायला नको. तीच नजर इथे ठेवायची.

ज्या सभासदांची मुले-मुली बाहेरगावी शिकत आहेत, त्यांनी आपले अनुभव कागदावर लिहून गट ऑफिसात द्यावेत. मुलांनी स्वतः लिहिले तर अधिक आनंद. निवडक अनुभव पुढील अंकी देऊ.