निकाल वाढला, म्हणजे नेमके काय वाढले?

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या दहावीच्या परीक्षेचे लागोपाठ तीन वर्षांचे निकाल पाहा. मार्च २०१८ : ८९.४१ टक्के. मार्च २०१९ : ७७.१० टक्के. मार्च २०२० : ९५.३० टक्के. एका वर्षात बारा टक्क्यांची घसरण आणि पुढच्याच वर्षी अठरा टक्क्यांची उसळी. परीक्षेला बसणाऱ्या मुलांची संख्या पंधरा-सोळा लाखांच्या घरात असते. इतक्या मोठ्या समूहाची बुद्धी, मेहनत किंवा त्यांना मिळणारे शिक्षण वर्षभरात एवढे खाली जाऊन पुन्हा एवढे वर येणे शक्य नाही. एखाद्या गावातील सर्व मुलांची सरासरी उंची यंदा चार इंचांनी कमी भरली आणि पुढच्या वर्षी सहा इंचांनी वाढली, तर आपण मुलांकडे न पाहता आधी मोजपट्टीकडे पाहू. इथेही तेच करायला हवे.

तरीही २०२० च्या जुलैमध्ये निकाल लागला तेव्हा अनेक शाळांनी फलक लावले : ‘गतवर्षीपेक्षा निकालात भरघोस वाढ’. फलक खोटा नव्हता. पण त्यावरून शाळेबद्दल काही कळत होते का?

मोजपट्टीत झालेला मुख्य बदल शिक्षक वाचकांच्या आठवणीत असेलच. भाषा आणि सामाजिक शास्त्रे या विषयांतील अंतर्गत मूल्यमापनाचे २० गुण २०१८-१९ या वर्षी काढून टाकण्यात आले. २०१९ चा निकाल पाहून झालेल्या ओरडीनंतर ते पुढच्याच वर्षी परत आले. या वीस गुणांचे वजन किती, ते एका उदाहरणाने पाहू. हिशोब सोपा राहावा म्हणून सवलतीचे गुण आणि भाषांची एकत्रित उत्तीर्णता बाजूला ठेवू. समजा, एका मुलीला मराठीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत २२ गुण मिळाले आणि तोंडी परीक्षेत २० पैकी १५. एकूण ३७, उत्तीर्ण. आता तोंडी परीक्षा रद्द करून लेखी परीक्षा १०० गुणांची केली. मुलीची तयारी तीच आहे, म्हणजे तिला त्याच प्रमाणात २७ किंवा २८ गुण मिळतील, अनुत्तीर्ण. मुलगी तीच, तिचे मराठीही तेच. तोंडीत १८ गुण मिळण्याची खात्री असेल, तर ८० पैकी १७ गुणांवर, म्हणजे लेखीतील सुमारे २१ टक्क्यांवर, पस्तिसाची रेघ ओलांडता येते. ज्यांचे लेखी गुण २१ ते ३५ टक्क्यांच्या पट्ट्यात आहेत, ती सगळी मुले या वीस गुणांच्या अस्तित्वावर तरतात किंवा बुडतात.

अर्थात सगळा चढउतार या एकाच कारणाच्या माथी मारणे शास्त्रशुद्ध होणार नाही. २०१९ ची तुकडी दहावीच्या नव्या पाठ्यपुस्तकांची पहिली तुकडी होती. प्रश्नपत्रिकेचा आराखडाही बदलला होता. २०२० मध्ये टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर झालाच नाही आणि त्याचे गुण सरासरीने देण्यात आले. प्रयोगशाळेत आपण एका वेळी एकच घटक बदलतो. परीक्षा मंडळाला ती चैन परवडत नाही. २०२१ मध्ये तर लेखी परीक्षाच झाली नाही, सर्व मूल्यमापन शाळांकडे आले आणि निकाल लागला ९९.९५ टक्के. त्या वर्षीची परिस्थिती असाधारण होती, त्याबद्दल शाळांना दोष देण्याचे कारण नाही. पण मोजपट्टी पूर्णपणे शाळेच्या हाती आली की आकडा कुठे जाऊन थांबतो, हे त्या वर्षाने दाखवले.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. तोंडी परीक्षा ही मुळात वाईट गोष्ट नाही. भाषा बोलता येणे हे भाषेच्या शिक्षणाचे अंगच आहे आणि ते लेखी परीक्षेत मोजता येत नाही. अडचण वेगळी आहे. ज्या मापनात जवळपास सर्वांना १८ किंवा १९ मिळतात, ते मापन मुलांमध्ये भेद करत नाही. सर्वांच्या वजनात एकाच दगडाचे वजन मिळवावे, तसे ते आहे. वर्गातला क्रम त्याने बदलत नाही. पण ठरावीक रेघ ओलांडणाऱ्यांची संख्या मात्र पार बदलून जाते.

आणि सर्वांना एकाच वजनाचा दगड मिळतो, असेही नाही. एका शाळेतील शिक्षक मुलांना खरोखर बोलायला लावतात, ऐकतात आणि १२ ते १७ च्या दरम्यान गुण देतात. शेजारच्या शाळेत सरसकट १९ दिले जातात. अकरावीच्या प्रवेशाच्या रांगेत दोन्ही शाळांतील मुले एकामागे एक उभी राहतात, तेव्हा त्यांच्यातील चार-पाच गुणांचा फरक मुलांचा नसून शिक्षकांच्या हाताचा असतो. काटेकोर शिक्षकाच्या काटेकोरपणाची किंमत त्याची मुले मोजतात. असा शिक्षक किती वर्षे टिकून राहील? पहिल्या वर्षी पालक येऊन बोलतात, दुसऱ्या वर्षी मुख्याध्यापक बोलावतात, तिसऱ्या वर्षी त्याला स्वतःलाच आपल्या मुलांचे नुकसान करतो आहोत असे वाटू लागते. तोही १९ वर येतो. गुणांची फुगवट होते ती अशी. त्यासाठी कोणी अप्रामाणिक असण्याची गरज नसते. प्रत्येकाने आपल्या मुलांचे भले पाहिले, तरी पुरते.

वरच्या टोकालाही काय झाले ते पाहण्यासारखे आहे. कला आणि क्रीडा यांचे वाढीव गुण धरून पूर्ण १०० टक्के मिळवणारे विद्यार्थी २०१८ मध्ये १२५ होते, २०१९ मध्ये २०, आणि २०२० मध्ये २४२. गुणांना शंभराचे छत आहे. खालून सगळे वर सरकले की छताजवळ गर्दी होते आणि तेथील मुलांमधला फरक दिसेनासा होतो. भावांच्या फुगवट्यात आणि गुणांच्या फुगवट्यात हा मोठा फरक आहे : रुपयाची किंमत घसरली तर वस्तूचा भाव शंभराचा दीडशे होऊ शकतो, गुण मात्र शंभरावर अडकतात.

दोन मोजपट्ट्यांची तुलना कशी करायची, हा प्रश्न आपल्याकडे त्याआधीही अकरावीच्या प्रवेशात गाजलेला आहे. राज्य मंडळ आणि अन्य मंडळे यांच्या गुणांची सांगड घालण्यासाठी शासनाने २००८ मध्ये पर्सेंटाइलचे सूत्र आणले, २००९ मध्ये राज्य मंडळाच्या मुलांसाठी ९० टक्के जागा राखण्याचा निर्णय घेतला. दोन्ही मुंबई उच्च न्यायालयात टिकले नाहीत. मग २०१० मध्ये ‘सर्वोत्तम पाच’ विषयांची पद्धत आली. हा सगळा खटाटोप का करावा लागला, हे २०१९ च्या तुकडीला विचारावे. अन्य मंडळांच्या मुलांचे अंतर्गत गुण शाबूत होते, हिचे गेले होते. आणि प्रवेशाची यादी मात्र एकच होती.

जेथे सामायिक परीक्षा मंडळच नसते, तेथे हा प्रश्न अधिक बिकट होतो. अमेरिकेतील सार्वजनिक माध्यमिक शाळांत मुलांना श्रेणी देतात ते त्यांचेच शिक्षक, आणि त्या श्रेण्यांची ४ पैकी सरासरी काढली जाते. शाळा सोडणाऱ्या विद्यार्थ्यांच्या गुणपत्रकांची तेथे काही वर्षांच्या अंतराने राष्ट्रीय पाहणी होते. त्या पाहणीनुसार ही सरासरी १९९० मध्ये २.६८ होती, २००९ मध्ये ३.०० आणि २०१९ मध्ये ३.११. मुले हुशार झाली असतील, असे कोणी म्हणेल. ते तपासायचे तर शाळेच्या हाती नसलेली दुसरी मोजपट्टी हवी. अमेरिकेत ती आहे : बारावीच्या मुलांच्या नमुन्याची राष्ट्रीय चाचणी, जिच्या निकालावर कोणाही मुलाचा प्रवेश अवलंबून नसतो. २००९ ते २०१९ या काळात श्रेणींची सरासरी चढली, पण याच पदवीधर मुलांचे या चाचणीतील गणिताचे गुण मात्र उतरले. गंमत म्हणजे याच काळात मुले कागदोपत्री अधिक कठीण अभ्यासक्रम घेत होती. म्हणजे अभ्यासक्रमांच्या नावांचाही थोडा फुगवटा झाला असावा, अशी शंका येते.

टेक्सास राज्याने १९९७ मध्ये या अडचणीला वेगळ्याच बाजूने हात घातला. वंशाचा विचार प्रवेशात करता येणार नाही, असा निर्णय १९९६ मध्ये न्यायालयाने दिला होता. त्यावर तोड म्हणून तेथील विधिमंडळाने कायदा केला की राज्यातील प्रत्येक माध्यमिक शाळेतील पहिल्या दहा टक्के मुलांना राज्याच्या सार्वजनिक विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळेल. ऑस्टिन येथील मुख्य विद्यापीठापुरती ही मर्यादा पुढे आणखी कडक करावी लागली. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातील युक्ती अशी : येथे गुण न पाहता शाळेतला क्रम पाहिला जातो. एखाद्या शाळेने सर्वांना सढळ हाताने गुण दिले, तरी पहिले दहा टक्के दहा टक्केच राहतात. फुगवण्यात फायदाच उरत नाही. तोटाही उघड आहे. सरस शाळेतील अकराव्या टक्क्यावरची मुलगी बाहेर राहते, आणि वर्गमैत्रीण ही प्रतिस्पर्धी होते.

मुलांची तुलना इतकी अवघड, तर शाळांची किती? आपल्याकडे ती एका आकड्यावर उरकली जाते : निकालाची टक्केवारी. त्यातही ‘शंभर टक्के निकालाची शाळा’ हा मोठा बहुमान. या बहुमानामागचे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे.

एका पिशवीत ९५ पांढरे आणि ५ काळे मणी घ्या. डोळे मिटून एक मणी काढा, रंग लिहा, मणी परत टाका आणि पिशवी हलवा. असे वीस वेळा करा. पांढरा म्हणजे उत्तीर्ण. वीसही वेळा पांढराच येण्याची शक्यता म्हणजे ०.९५ चा विसावा घात, सुमारे ०.३६. म्हणजे प्रत्येकी वीस मुले बसवणाऱ्या, अगदी सारख्या दर्जाच्या शंभर शाळा घेतल्या, तर त्यांतील सुमारे छत्तीस शाळांचा निकाल केवळ योगायोगाने शंभर टक्के लागेल. आता त्याच दर्जाची, पण दोनशे मुलांची शाळा घ्या. ०.९५ चा दोनशेवा घात येतो सुमारे ०.००००३५, अठ्ठावीस हजारांत एकदा. शंभर टक्क्यांच्या यादीत लहान शाळांची गर्दी का असते, हे यावरून लक्षात येईल. आणि राज्याचा निकाल ९५ वरून ७७ वर आला, तर वीस मुलांच्या शाळेची शक्यताही ०.३६ वरून ०.००५ वर, म्हणजे सुमारे एकशे ऐंशीत एकवर, येते. शिक्षक तेच, फळा तोच. फलक मात्र गायब. पुढच्या वर्षी लहान शाळा याच कारणाने यादीच्या तळाशीही दिसू शकते, कारण वीसपैकी दोन मुले नापास झाली की निकाल एकदम नव्वद.

दुसरी बाब शाळेत येणाऱ्या मुलांची. समजा एका शाळेत आठवीत आलेल्या मुलांची सरासरी ७८ होती आणि दहावीत ती ८१ झाली. दुसऱ्या शाळेत ४० ची ५८ झाली. वर्तमानपत्रात छायाचित्र पहिल्या शाळेचे येईल. शिकवण्याचे काम कोठे अधिक झाले असावे, हे मात्र आकडेच सांगतात. इंग्लंडमध्ये २०१६ साली सुरू झालेल्या मोजणीत हाच विचार होता : प्राथमिक शाळा सोडताना ज्यांचे गुण सारखे होते, अशा देशभरातील मुलांशी त्या मुलाची तुलना करायची आणि त्या फरकांची सरासरी शाळेच्या नावे लिहायची. पद्धत न्याय्य वाटते, पण ती दोषमुक्त नाही. ७८ वरून वर जायला जागा कमी असते आणि ४० वरून अधिक. शिवाय शाळा लहान असेल तर मण्यांचा खेळ इथेही चालू असतोच. म्हणून तेथे प्रत्येक शाळेच्या आकड्याबरोबर त्यातील संभाव्य चुकीची व्याप्तीही छापली जाई. आपल्या निकालपत्रकात दशांश चिन्हानंतरची दोन स्थळे छापतात, चुकीची व्याप्ती नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डोनाल्ड कॅम्पबेल यांनी १९७० च्या दशकात मांडले होते की एखाद्या आकड्यावर जितके मोठे निर्णय अवलंबून ठेवावे, तितका तो आकडा भ्रष्ट होत जातो आणि ज्याचे मापन करायचे त्यालाही भ्रष्ट करतो. आपल्याकडे याचे रूप सर्वांना ठाऊक आहे, त्यावर बोलले मात्र कमी जाते. नववीतील कच्च्या मुलाच्या पालकांना बोलावून ‘याला बाहेरून १७ नंबरचा फॉर्म भरू द्या’ असे सुचवले जाते. मूल खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षेला बसते. त्याचा निकाल काहीही लागो, शाळेच्या टक्केवारीत तो येत नाही. १७ नंबरचा अर्ज ज्यांची शाळा सुटली त्यांना दुसरी संधी मिळावी म्हणून आहे. येथे त्याचा उपयोग शाळा सोडायला लावण्यासाठी होतो. अंशात काही न वाढवता छेद लहान केला की अपूर्णांक मोठा होतो, हे गणित आपणच पाचवी-सहावीत शिकवतो.

आपल्या शाळेपुरता हा छेद तपासणे कठीण नाही. यंदा दहावीला बसलेल्या तुकडीचे आठवीतील हजेरीपट काढावे. समजा पटावर ६० नावे होती, परीक्षेला ४६ बसली आणि ४५ उत्तीर्ण झाली. फलकावरचा निकाल ९७.८३ टक्के. आठवीच्या पटावर काढला, तर ७५ टक्के. मधली चौदा नावे कोठे गेली, हे जनरल रजिस्टरमध्ये शोधावे लागेल. काही मुले दाखला घेऊन दुसऱ्या गावी गेली असतील, कोणी नववीत मागे राहिले असेल, एखाद्या मुलीचे लग्न झाले असेल, दोघे-तिघे बाहेरून परीक्षेला बसले असतील. दाखला घेऊन दुसऱ्या शाळेत दाखल झालेली नावे वजा करून छेद पुन्हा मांडावा. उरलेल्या प्रत्येक नावापुढे कारणाचा रकाना असतो, आणि तो बहुधा एका शब्दात भरलेला असतो.