शेडमधला संडास कुणासाठी? नियम काय सांगतो आणि आपण काय करायचं



मासळी विक्रीच्या शेडची दुरुस्ती काढायचं संचालक मंडळात ठरलंय. त्या कामात "सर्वांसाठी एक स्वच्छतागृह" असा मुद्दा घातला, तेव्हापासून फोन सुरू झालेत. "सचिव, हे काय नवीन काढलंय?" "बायकांचं काढून टाकणार काय?" प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितोय. सभेच्या आधी घरातल्या बायकांनाही वाचून दाखवा.

आज काय अवस्था आहे?

शेडमध्ये दोन संडास आहेत. पुरुषांच्या दाराची कडी मोडलीय. बायकांच्या संडासात जुनी जाळी आणि थर्माकोलची खोकी भरून कुलूप घातलंय. पहाटे पाटी घेऊन येणाऱ्या आपल्या मावश्या आणि वहिन्या दुपारपर्यंत पाण्याचा घोट घेत नाहीत. प्यायलं तर जायचं कुठं? पाणी न पिता, लघवी धरून बसल्यानं जळजळ होते, मूत्रमार्गाला इन्फेक्शन होतं. मग दवाखान्याचा खर्च होतो तो घरातूनच की!

गेल्या मार्गशीर्षातली गोष्ट सांगतो. सौंदत्तीच्या यल्लम्माच्या यात्रेचे दिवस होते, हायवेवर गाड्यांची रांग. एक जोगम्मा शेडकडं आली आणि संडास कुठं आहे म्हणून विचारलं. गडी म्हणाले, बायकांच्यात जा. बायका म्हणाल्या, ते कुलूपबंद आहे, आणि असतं तरी आमच्यात कशाला? शेवटी ती शेडच्या मागं झुडपात गेली. मी तिथंच पावत्या लिहीत बसलो होतो. कुलपाची किल्ली माझ्या ड्रॉवरमध्ये होती. मी उठलो नाही. चूक माझी आणि आपल्या संस्थेची, दुसऱ्या कुणाची नाही.

आपल्या दारात जग घेऊन जोगम्मा आली तर आपण तिला सुपातनं जोंधळे घालतो, पाया पडतो. बल्लारीकडच्या मंजम्मा जोगती याच परंपरेतल्या. त्या कर्नाटक जानपद अकादमीच्या अध्यक्षा झाल्या, २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आणि आपल्या शेडमध्ये साधा संडास नाही.

कायदा काय म्हणतो?

१५ एप्रिल २०१४ ला सुप्रीम कोर्टानं तृतीयपंथी लोकांच्या हक्काचा मोठा निकाल दिला. त्यात केंद्र आणि राज्य सरकारांनी त्यांच्यासाठी सार्वजनिक शौचालयांची सोय करावी असंही सांगितलं. २०१७ मध्ये स्वच्छ भारत मिशनच्या मार्गदर्शक सूचना आल्या. तृतीयपंथी व्यक्तीला पुरुषांचं किंवा स्त्रियांचं, तिला हवं ते सार्वजनिक शौचालय वापरू द्यावं असं त्यात आहे.

त्यानंतर तृतीयपंथी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा, २०१९ आला. १० जानेवारी २०२० पासून तो लागू झाला. आता इथं लक्ष द्या. या कायद्यात "आस्थापना" म्हणजे कोण, याची व्याख्या दिलीय. सरकारी कचेऱ्या, कंपन्या, फर्म यांच्या बरोबरीनं त्यात सहकारी संस्था असा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे "हे शहरातल्या मॉलसाठी, आपल्याला काय त्याचं" असं म्हणता येणार नाही. आपली संस्था त्यात धरलेलीच आहे.

संस्थेला करायचं ते असं:

१. समान संधीचं धोरण लिहून दर्शनी जागी लावायचं. सर्वांना वापरता येईल अशा स्वच्छतागृहाची सोय त्यात सांगायची. २०२० च्या नियमांत हे आहे.

२. तक्रार ऐकायला एक अधिकारी नेमायचा. तक्रार आल्यापासून १५ दिवसांत त्यानं चौकशी करायची.

३. सार्वजनिक जागेत यायला किंवा ती वापरायला तृतीयपंथी व्यक्तीला अडवायचं नाही. अडवल्यास सहा महिने ते दोन वर्षं कैद आणि दंड, अशी शिक्षा कायद्यात लिहिलीय.

"सर्वांसाठी" म्हणजे नक्की कसं?

आपल्या घरातल्या संडासावर कुठं पुरुष-बायका लिहिलेलं असतं? राणी चन्नम्मा एक्स्प्रेसनं बंगळूरला जाताना डब्यातला संडास सगळेच वापरतात. एक माणूस आत जातो, कडी लावतो, बाहेर येतो. तसंच हे. बरेच जण मिळून वापरायची मोठी खोली नव्हे. एका वेळी एकालाच, पूर्ण भिंतीची, आतून कडी असलेली खोली.

बायकांचं काढणार काय? नाही. बायकांचा संडास बायकांचाच राहणार. त्यातली जाळी काढून तो आधी उघडायचा, हे पहिलं काम. पुरुषांचा दुरुस्त करायचा. कोपऱ्यातल्या बर्फाच्या जुन्या खोलीत तिसरा करायचा, तो सर्वांसाठी. तळ्याकाठी होड्या लागतात तिथं मात्र एकच खोली बसते. दोन बांधायला जागा नाही, म्हणून ती सर्वांसाठीच असेल. जाळी विणणाऱ्या आणि मासळी निवडणाऱ्या बायकांना तिथं आज काहीच सोय नाही.

आणि ही तिसरी खोली फक्त जोगम्मासाठी नाही. अर्धांगवायू झालेल्या नवऱ्याला आधार देऊन आत नेणारी बायको, लहान मुलीला घेऊन आलेला बाप, म्हाताऱ्या आईला धरून नेणारा मुलगा, यांनी आज कुठल्या दारातनं जायचं? त्यांचीही सोय यातच होते.

बांधताना काय बघायचं?

- भिंत छतापर्यंत, वर जाळीची खिडकी, दाराला फट नको. कडी आतून आणि मजबूत.
- दार ९० सेंटीमीटर रुंद. पायरीऐवजी उतार, एक फूट उंचीला बारा फूट लांब. आत धरायला दांडी.
- नळ, साबण, दिवा आणि झाकणाची कचरापेटी आतच.
- पाटी वर कन्नड, खाली मराठी: "सर्वांसाठी". चित्र संडासाच्या भांड्याचं काढूया. अर्धा पुरुष, अर्धी बाई असलं चित्र नको, त्यात चेष्टा होते.
- शोषखड्डे दोन. एक भरला की दुसरा चालू करायचा. तळं पावसाळ्यात पूर्ण भरल्यावर पाणी कुठवर येतं ते बघून त्याच्या बरंच वर जागा धरायची. विहिरीपासूनही लांब. कटला-रोहूचं बी आपण ज्या पाण्यात सोडतो त्यात मैला गेला तर नुकसान आपलंच.
- काम सुरू करण्याआधी पंचायतीत पीडीओंना नकाशा दाखवून परवानगी घ्यायची.

साफसफाई कोण करणार?

खरा प्रश्न हाच आहे. बांधलेला संडास महिन्यात कुलूपबंद होतो तो याच्यामुळं. माझी सूचना अशी, की सफाईचा पगार संस्थेच्या खर्चात धरायचा, आणि देखरेखीच्या कमिटीत निम्म्या तरी विक्रेत्या बायका घ्यायच्या. किल्ली कुणाच्याच ड्रॉवरमध्ये नको. शेड उघडी, तोवर संडास उघडा.

सभेत तीन ठराव मांडतोय: तिन्ही स्वच्छतागृहांचं काम, तक्रार अधिकाऱ्याची नेमणूक आणि सफाईची तरतूद. विरोध असला तरी या, बोला. पण येताना घरातल्या बाईमाणसाला विचारून या, की शेडवर असताना ती दिवसभरात पाणी किती वेळा पिते.

बायकांच्या संडासातली जाळी मी रविवारी काढणार आहे. ज्यांची असतील त्यांनी घेऊन जावीत.

आपला,
सचिव