आधी मोजा, मग डिफ्रॅग करा

सकाळी ७.००
जानेवारीत लंडनच्या ईलिंग भागात आठच्या सुमाराला उजाडतं. चहा उकळतोय तोवर रात्रीच्या बॅकअपचे अहवाल बघून घेतो. छोट्या कार्यालयांचे सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. आज एका व्हर्च्युअल सर्व्हरचा बॅकअप रोजच्यापेक्षा कितीतरी फुगलाय, पण नवीन फायली फारशा नाहीत. कारण लगेच सापडतं: मशीनच्या आत कुणीतरी दर आठवड्याचं डिफ्रॅग चालू केलंय. डिफ्रॅग फायलींचे विखुरलेले तुकडे उचलून सलग मांडतं. मजकूर तोच राहतो, जागा बदलते. हा बॅकअप मात्र फायली नव्हे, डिस्कचे ब्लॉक म्हणजे छोटे भाग बघतो, त्यामुळे हललेला प्रत्येक ब्लॉक त्याला बदललेला वाटतो. शिवाय मागणीनुसार वाढणारी थिन डिस्क अशा हलवाहलवीत मोठी होते. वेळापत्रक बंद करतो.

सकाळी ८.३०
हेवन ग्रीनच्या कडेने ईलिंग ब्रॉडवे स्टेशन ओलांडून अक्सब्रिज रोडला लागतो. डिफ्रॅगवरची श्रद्धा जुनी आहे आणि एके काळी ती रास्तही होती. मिनिटाला ७,२०० फेरे घेणाऱ्या हार्डडिस्कची एक फेरी सुमारे ८.३ मिलिसेकंदांची असते. हवा तो भाग वाचणाऱ्या डोक्याखाली येईपर्यंत सरासरी अर्धी फेरी थांबावं लागतं. फाईल शंभर ठिकाणी विखुरलेली असेल, तर हे थांबणंही तितक्या वेळा. एसएसडीत फिरणारं काहीच नाही, म्हणून तिथे हा हिशेब लागू पडत नाही.

सकाळी ९.१५
हिशेबनिसांचं कार्यालय. ३१ जानेवारी ही इथल्या ऑनलाइन आयकर विवरणाची शेवटची तारीख, त्यामुळे सगळे घाईत. मूळच्या नाशिकच्या संचालिका समोर येतात.
“अहो, सर्व्हर अगदीच रेंगाळतोय. ते डिफ्रॅग का काय ते करून टाका ना!”
“ताई, आधी मोजतो. मग सांगतो.”
डिस्क एसएसडी आहे आणि वाचनाला जेमतेम एखादा मिलिसेकंद लागतोय. मेमरी मात्र काठोकाठ भरलेली, आणि अँटीव्हायरसची संपूर्ण तपासणी नेमकी सकाळी नऊला सुरू होते. तपासणी रात्रीवर ढकलतो, जास्तीच्या मेमरीची मागणी नोंदवतो. डिफ्रॅगने इथे फायदा शून्य. डिस्कची झीज तेवढी वाढली असती. एसएसडीला हवं असतं ते ट्रिम, म्हणजे कोणती जागा मोकळी झाली याची सूचना.

दुपारी १२.३०
दुसऱ्या कार्यालयातली तक्रार डेटाबेसची. डेटाबेसच्या आतले इंडेक्स विस्कळीत झाले असतील, तर ते डेटाबेसच्याच आज्ञेने पुन्हा बांधावे लागतात; डिस्कचं डिफ्रॅग तिथवर पोहोचत नाही. इथे फाईल थोडी-थोडी वाढत गेल्याने तिचे तुकडे झालेत. पुढच्या काही महिन्यांना पुरेल एवढी जागा तिला आधीच नेमून देतो. तुकडे होऊच न देणं हे केव्हाही स्वस्त.

दुपारी ३.३०
आज डिफ्रॅगला खरोखर पात्र असा एकच सर्व्हर भेटतो. फिरत्या डिस्का, स्कॅन केलेल्या नकाशांच्या मोठ्या फायली आणि सतत २० मिलिसेकंदांच्या वर जाणारा वाचनवेळ. आधी फक्त विश्लेषण चालवतो. विंडोजचं डिफ्रॅग ६४ एमबी किंवा त्याहून मोठ्या तुकड्यांना हात लावत नाही, कारण एवढ्या लांब वाचनात मधली एक उडी नगण्य ठरते. काम नीट व्हायला किमान १५ टक्के जागा मोकळी लागते. इथे तेवढी आहे.
एक धोका मात्र उरतो. क्लस्टर, म्हणजे फायलींना जागा वाटून देण्याचे सर्वांत छोटे भाग, ४ केबीचे आहेत; विंडोजच्या एनटीएफएस या फाईल-व्यवस्थेचं हे नेहमीचं माप. क्लस्टर १६ केबीपेक्षा लहान असले, तर डिफ्रॅगच्या हलवाहलवीने शॅडो कॉपीची जागा भरत जाते आणि तिथे जपलेल्या फायलींच्या जुन्या आवृत्त्या पुसल्या जाऊ शकतात. मालकांना हे स्पष्ट सांगतो आणि त्यांना हव्या असलेल्या आवृत्त्या वेगळ्या काढून घेतो.

रात्री १०.००
जेवण उरकून घरूनच नकाशांच्या सर्व्हरशी जोडणी करतो. पूर्ण बॅकअप झालाय. त्यातली एक फाईल परत आणून उघडून बघतो, कारण परत आणता येत नाही तो बॅकअप नव्हेच. त्यानंतरच डिफ्रॅग सुरू करतो. सकाळी पुन्हा तेच माप घेणार. वाचनवेळ उतरला नाही, तर दुखणं दुसरीकडे आहे असं समजून शोध चालू.

सर्व्हर मंद झाला की डिफ्रॅग सुचवणारे पुष्कळ भेटतील. तुमच्या कार्यालयात कुणी ते करायला आलं, तर दोन प्रश्न जरूर विचारा: काय मोजलंत, आणि बॅकअपमधून फाईल परत आणून शेवटची कधी पाहिलीत? दोन्हींची उत्तरं मिळेपर्यंत त्यांना सर्व्हरला हात लावू देऊ नका.