मूल ऐकत नाही, की त्याला ऐकू येत नाही?

‘पोरगं ऐकतच नाही’ ही तक्रार वस्तीतल्या आरोग्याच्या बैठकीत हमखास निघते. वर्गात बसत नाही, दुसऱ्या मुलांना चावतं, मनासारखं झालं नाही की डोकं आपटतं. शेजारीपाजारी म्हणतात, आईनं लाडावून ठेवलंय. कुणी देवऋष्याचं नाव काढतं. मग शाळेतून निरोप येतो, ‘याला थोडे दिवस घरीच ठेवा.’ त्या थोड्या दिवसांची वर्षं होतात आणि मूल शिक्षणातून कायमचं सुटतं. आम्हाला सर्वांत मोठा धोका इथेच दिसतो.

पानशेतच्या परिसरात हा धोका जास्त आहे. धरणाकाठच्या आणि डोंगरातल्या वस्त्या विखुरलेल्या, शाळा लहान. मोठ्या डॉक्टरांना दाखवायचं तर पुणं गाठावं लागतं, म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते. म्हणून गावातच काय करता येईल ते आधी सांगतो.

आधी कान आणि डोळे

कान वाहत असेल तर मुलाला कमी ऐकू येऊ शकतं. फळा दिसत नसेल तर ते वर्गात चुळबुळ करणारच. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणीला येतं. तारीख आशाताईंना विचारून ठेवा आणि त्या दिवशी मूल हजर ठेवा. वर्षाचं मूल नावाला ओ देत नसेल, दोन वर्षांचं दोन शब्द जोडून बोलत नसेल किंवा येत असलेलं बोलणं बंद झालं असेल, तर ‘बोलेल उशिरा’ म्हणून थांबू नका.

वागण्यामागचं कारण शोधा

स्वमग्नता, अतिचंचलता, मतिमंदत्व किंवा वाचन-लेखनाची अडचण असलेलं मूल मुद्दाम त्रास देत नाही. जे सांगता येत नाही, ते त्याच्या वागण्यातून बाहेर पडतं. एक वही करा. मूल चिडलं की तीन गोष्टी लिहा: आधी काय घडलं, मुलानं काय केलं, नंतर आपण काय केलं. पंधरा दिवसांत धागा सापडू लागतो. कुणाला गोंगाट सोसत नाही, कुणाला खेळ अचानक थांबवलेला चालत नाही, कुणाला चावलं की अभ्यासातून सुटका होते हे कळलेलं असतं.

त्याप्रमाणे बदल करा. एका वेळी एकच सूचना, थोडक्या शब्दांत द्या. खेळ संपायच्या आधी ‘अजून पाच मिनिटं’ असं सांगा. चांगलं वागलं की लगेच, नाव घेऊन कौतुक करा. चिडलेलं असताना समजावत बसू नका. शांत जागी न्या, जवळ थांबा. मारल्यानं मूल भीतं, शिकत नाही. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणं हा तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे.

शाळेच्या पटावरचं नाव सोडू नका

शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. मारता येत नाही आणि मानसिक छळही करता येत नाही. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगता मोजली आहे. स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगता आणि अध्ययन अक्षमता त्यात आहेत. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता असेल तर ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा आपण निवडलेल्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक अशा सवलतींचीही तरतूद आहे. अतिचंचलता या यादीत नाही, पण शाळेत राहण्याचा हक्क त्या मुलालाही तितकाच आहे.

‘घरी ठेवा’ असं सांगितलं तर ते लेखी मागा. मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समिती, मग गटशिक्षणाधिकारी, या क्रमाने अर्ज द्या आणि पोच घ्या. समावेशित शिक्षणाचे विशेष शिक्षक कधी येतील, हेही पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा.

पुण्याची फेरी तपासणी आणि दिव्यांग प्रमाणपत्रासाठी करावी लागते. ससून किंवा औंधच्या जिल्हा रुग्णालयात जाताना आधार कार्ड, फोटो, जुने कागद आणि ती वही सोबत न्या. डॉक्टरांना वहीचा फार उपयोग होतो. ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगता नोंदली गेली तर एसटीच्या भाड्यात सवलत मिळते. म्हणजे पुढच्या फेऱ्या स्वस्त पडतात.

आईलाही विसावा हवा

या सगळ्याचा भार बहुतेक घरांत एकट्या आईवर पडतो, आणि दोषही तिलाच. वही बाबांनीही लिहावी, शाळेतही त्यांनी जावं. मन फार थकलं तर १४४१६ या मोफत टेलिमानस क्रमांकावर कोणत्याही वेळी मराठीत बोलता येतं.

वस्तीनेही हातभार लावावा. असं मूल विहारात आलं तर त्याच्या आईकडे वळून पाहण्याऐवजी मुलाला एक काम द्या: चटया अंथरणं, फुलं वाटणं. हाताला काम मिळालं की असं मूलही पुष्कळदा रमतं, आणि त्याची आई पुढच्या रविवारी घरी बसून राहत नाही.