काळा अबाया फोटोत जांभळा का दिसतो?

आपल्या मॉरिशसची बरीच मुले आता संयुक्त अरब अमिरातीत नोकरीला आहेत. प्लेझान्सहून विमान थेट दुबईला जाते, म्हणून जाणेयेणेही सोपे झाले आहे. कुणी हॉटेलात, कुणी विमान कंपनीत, तर कुणी छायाचित्रणाच्या धंद्यात आहे. शारजात राहणाऱ्या आमच्या एका भाच्याने मागे विचारले, "मामा, अबाया काळाकुट्ट आहे, हातात धरून पाहिला. मग फोटोत तो जांभळट का येतो? कॅमेऱ्याचा फिल्टर बदलून घेऊ का?" अबाया विकणाऱ्या दुकानांसाठी तो फोटो काढतो. काळ्या मालाचा रंगच चुकला तर दुकानदार पैसे देईल कशाला? प्रश्न पोटापाण्याचा होता, आणि तिकडे आपली आणखी मुले या धंद्यात असतील, म्हणून उत्तर येथे देत आहोत.

वाचकहो, मूळ गोष्ट २०० वर्षांहून जुनी आहे. इ. स. १८०० मध्ये विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचे रंग पाडले व प्रत्येक रंगात तापमापक ठेवून पाहिला. तांबड्या रंगाच्या पलीकडे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तरी पारा तेथेच सर्वांत जास्त चढला. हेच अवरक्त किरण, म्हणजे इन्फ्रारेड. आपला डोळा साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंतचा प्रकाश पाहतो. डिजिटल कॅमेऱ्यातली सिलिकॉनची चकती मात्र सुमारे ११०० पर्यंतचा प्रकाश टिपते. हा जास्तीचा प्रकाश अडवण्यासाठी चकतीपुढे निळसर-हिरवट काच बसवतात. आपण चहा गाळतो तसाच प्रकार समजा. गाळणी विरळ असली की चोथा कपात उतरतो.

आता अबायाकडे येऊ. पुष्कळ अबाये कृत्रिम धाग्याचे असतात. त्यांचा काळा रंग डोळ्यांना दिसणारा प्रकाश गिळतो, पण अवरक्त किरण परत फेकतो. काच कमजोर असेल तर तो अदृश्य प्रकाश चकतीवर पोचतो आणि काळ्याचा जांभळा होतो. जुन्या तारेच्या बल्बखाली हे फार दिसते, कारण त्या बल्बची बहुतेक शक्ती अवरक्तातच जाते. संगणकावर रंग सुधारू म्हणाल, तर एक कापड ठीक होते आणि शेजारचे बिघडते, कारण प्रत्येक कापड अवरक्त वेगवेगळ्या प्रमाणात परत फेकते.

मोठमोठ्या कारखान्यांनाही हे चुकलेले नाही. जर्मनीच्या लायका कंपनीचा एम८ कॅमेरा २००६ मध्ये आला. त्याची काच पातळ होती आणि काळे कृत्रिम कापड जांभळे येऊ लागले. शेवटी कंपनीने गिऱ्हाइकांना भिंगावर लावायचे दोन फिल्टर मोफत दिले. हा छोट्या चकतीचा कॅमेरा. मीडियम फॉरमॅटमध्ये जपानच्या मामिया कंपनीने २००४ मध्ये जाहीर केलेल्या झेडडी कॅमेऱ्याची युक्ती आम्हांला जास्त पसंत आहे. त्याची चकती ३६ गुणिले ४८ मिलिमीटरची, २ कोटी २० लाख बिंदूंची, आणि पुढचा फिल्टर मालकाला स्वतः काढता-घालता येण्याजोगा. म्हणजे फिल्टर बदलायला कॅमेरा फोडावा लागत नाही.

इतर बहुतेक कॅमेऱ्यांत काच आतच पक्की असते. ती बदलायची तर धूळविरहित खोली हवी, आणि अमिरातीत रेतीचा बारीक कण कुठे नसतो? दुसरी अडचण जाडीची. काच जितकी जाड, त्याच्या सुमारे एक-तृतीयांश अंतराने प्रतिमा मागे सरकते. १ मिलिमीटर काच काढून तिच्या जागी काहीच न बसवले, तर प्रतिमा साधारण ०.३ मिलिमीटर पुढे पडते आणि फोटो पुसट येतो. म्हणून नवी काच प्रकाशमार्गाच्या हिशेबाने जुनीशी जुळणारी हवी. भिंगावर लावायचा फिल्टर स्वस्त पडतो खरा, पण रुंद भिंगावर कोपऱ्यांत निळसर-हिरवी छटा येऊ शकते.

खर्च करण्यापूर्वी घरच्या घरी परीक्षा घ्या. अंधारात टेलिव्हिजनचा रिमोट कॅमेऱ्याकडे धरून बटण दाबा व फोटो काढा. ठिपका लखलखीत आला तर काच कमजोर. मग सुती काळे व कृत्रिम काळे कापड शेजारी ठेवून एकदा तारेच्या बल्बखाली आणि एकदा एलईडीखाली फोटो घ्या. पांढऱ्या एलईडीत अवरक्त फार थोडे असते. तेव्हा नुसता दिवा बदलून काम भागले, तर कॅमेऱ्याला हातही लावू नये. भाच्यालाही आम्ही हेच लिहिले.

गंमत अशी की त्याच देशात काही लोकांना अवरक्तच हवे असते. हिरवे ताजे पान अवरक्त जोराने परत फेकते, म्हणून अशा फोटोत झाडे बर्फासारखी पांढरी दिसतात. रॉबर्ट वुड यांनी असे फोटो १९१० मध्येच प्रसिद्ध केले होते. अल ऐनच्या ओअ‍ॅसिसमध्ये १ लाखाहून जास्त खजुरीची झाडे आहेत, आणि अल ऐनची ही स्थळे २०११ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. पान सुकू लागले की त्याची अवरक्त चमक उतरते. ही उतरण डोळ्यांना दिसण्याआधीही कधी टिपता येते. मात्र खजुरीचा वैरी असलेला तांबडा सोंडा किडा खोडाच्या आत पोखरतो, म्हणून पाने चांगली दिसली तरी निर्धास्त राहता येत नाही. २९ ऑक्टोबर २०१८ रोजी जपानच्या तानेगाशिमाहून सुटलेल्या, अमिरातीच्या अभियंत्यांनी बांधलेल्या खलिफासॅट उपग्रहातही अवरक्ताचा एक पट्टा आहे. आपल्या उसाची पानेही याच नियमाने चमकतात.

अशा कामासाठी डेन्मार्कची फेज वन कंपनी मीडियम फॉरमॅटमध्ये अक्रोमॅटिक प्रकार बनवते. त्यात अवरक्त अडवणारी काच मुळातच नाही. अबायाच्या रंगीत फोटोंसाठी तो घेणे म्हणजे शुद्ध वेडेपणा, कारण त्याचे फोटोच कृष्णधवल येतात!

मामियाचा झेडडी आता नवा मिळत नाही. जुना कुणी विकत असेल तर फिल्टर सोबत आहे का, त्यावर ओरखडा आहे का, हे उजेडात धरून पाहावे आणि मगच भाव ठरवावा.