वाण नाही, पण गुण लागला!

‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ ही म्हण आपण माणसांविषयी वापरतो. धातूंनाही ती लागू पडते, असे सांगितले तर आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना नवल वाटेल!

भोसरी-चाकणच्या कामगारांना मात्र वाटणार नाही. ग्राइंडिंग मशीनच्या मॅग्नेटिक चकवर धरलेला पोलादी जॉब खाली उतरविल्यावरही लोखंडाचा कीस ओढतो. मग त्याचे चुंबकत्व घालवावे लागते. माझे वडील हे काम रोज करतात.

आता प्लॅटिनम पाहू. मोटारींचा धूर शुद्ध करणाऱ्या भागात हा जड धातू अल्प प्रमाणात वापरतात. एरवी चुंबक त्याला ओढताना दिसत नाही. पण कोबाल्टच्या किंवा लोखंडाच्या थराला तो भिडला, की त्याचे लगतचे काही अणुथर चुंबकीय होतात.

याला महत्त्व का? इलेक्ट्रॉनला विद्युतभाराखेरीज ‘स्पिन’ नावाचा गुण असतो. त्यामुळे तो जणू एक सूक्ष्म चुंबकच! प्लॅटिनममधून वीज सोडली, की परस्परविरुद्ध स्पिनचे इलेक्ट्रॉन परस्परविरुद्ध अंगांना वळतात. हा स्पिन-प्रवाह होय. त्याचे भाकीत द्याकोनोव्ह व पेरेल या सोव्हिएत शास्त्रज्ञांनी १९७१ साली केले. २००४ साली अर्धवाहकांत तो प्रत्यक्ष आढळला. हा प्रवाह शेजारच्या चुंबकाची दिशा पालटू शकतो. म्हणून वीज गेली तरी न पुसणारी संगणकाची स्मृती त्यातून घडविण्याचा खटाटोप चालू आहे.

मग उसने चुंबकत्व या प्रवाहाला साधक की बाधक? येथेच वाद आहे. चुंबकीय थर तापविल्यावर प्लॅटिनममध्ये मिळणारा विद्युतदाब स्पिन-प्रवाहाचा, की प्लॅटिनमला लागलेल्या चुंबकत्वाचा, अशी शंका २०१२ साली निघाली. उसन्या चुंबकत्वाने प्लॅटिनमची स्पिन वळविण्याची शक्ती घटते, असे २०१५ च्या एका संशोधनात दिसले. उलट, शेजारच्या चुंबकावर पडणाऱ्या स्पिनच्या रेट्यात त्याने विशेष फरक पडत नाही, असा निष्कर्ष २०१८ साली दुसऱ्या गटाने काढला.

निवाड्याची एक युक्ती सोपी आहे. दोघांच्या मध्ये तांब्याचा पातळ थर घालायचा. तांबे स्पिन पुढे जाऊ देते, पण स्वतः फारसे चुंबकीय होत नाही. मग उरेल तो परिणाम प्लॅटिनमचा अंगचा!

संगतीने गुण लागतो हे खरेच. पण अंगचा किती आणि संगतीचा किती, हे मोजल्याखेरीज श्रेय तरी कुणाच्या पदरात घालावे?